बॉबिनचं माप

प्रश्न १. घरात एकूण मांजरं किती?

काकूंनी फोनवरच्या यादीत ‘एक’वर बोट नेलं आणि तिथेच थांबवलं, कारण खरा आकडा दीड होता.

“दीड कुठे लिहायचं?”

“एक लिही,” मास्तर कात्री न थांबवता म्हणाले. “तो दुसरा आपला नाही.”

“जेवतो तर आपल्याकडेच.”

दुसरा म्हणजे तांबडा बोका. डावा कान फाटका, मान जाडजूड, चाल अशी की मागचा बोळ कुणीतरी त्याच्या नावावर करून दिलाय. घरच्या मांजरीसाठी, बॉबिनसाठी, मागच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी असे. बोका अंग चोरून तिच्यातून आत येई, बॉबिनची वाटी चाटूनपुसून साफ करी आणि जाताना कापून ठेवलेल्या कापडांवर शेपूट ताठ करून सही ठोकून जाई. मागच्या आठवड्यात ती सही एका वकिलाच्या कोटाच्या अस्तरावर झाली. दोनदा धुतलं, तिसऱ्यांदा अस्तरच बदललं.

काकू त्याला जावईबापू म्हणत. न कळवता यायचं, पोटभर खायचं, वर घरच्यांना कामाला लावून जायचं.

“जावई म्हणू नकोस त्याला,” मास्तर म्हणत. “लेक कुठे आहे घरात?”

हे ते हसत म्हणत नसत.

मास्तर शिंपी. पुढच्या खोलीत दुकान: दोन मशीनं, कापायचं लांब टेबल, ट्रायलचा पडदा, भिंतीला इस्त्री. मागच्या खोलीत संसार. काकू त्यांची बायको. काजं, बटणं, हातशिलाई तिच्याकडे. गिऱ्हाइकं काकू म्हणतात म्हणून मास्तरही कधीकधी तिला काकूच म्हणत, आणि तिने रागवायचं सोडूनही बरीच वर्षं झाली होती.

प्रश्न २. आपल्याला हे दार का हवं आहे?

खाली तीन पर्याय. परकी मांजरं आत येऊ नयेत. सारखं उठून दार उघडावं लागू नये. इतर.

‘इतर’पुढे जेमतेम दोन शब्द मावतील एवढी चौकट होती. काकूंनी पहिला पर्याय निवडला.

इतर:

लेक एकोणीस महिन्यांपूर्वी घर सोडून गेली. मास्तरांनीच तिला कापणी शिकवली होती. माणूस दारातून आत येईपर्यंत ती त्याची छाती सांगायची आणि अर्ध्या इंचापलीकडे कधी चुकायची नाही. मग तिला दूरच्या शहरात तयार कपड्यांच्या कंपनीत नोकरी लागली. ‘मीडियम’ म्हणजे नक्की केवढा, हे ठरवायचं काम.

“माणूस न बघता कापड कापणार तू,” मास्तर म्हणाले होते.

“माणसंच आता तुमच्याकडे येत नाहीत, बाबा.”

“मग तूही येऊ नकोस.”

तिने तो शब्द धरला. बापाचीच लेक, त्यानेही सोडला नाही. तिकडच्या खोलीत मांजर ठेवायची परवानगी नव्हती, म्हणून बॉबिन मागे राहिली.

दर रविवारी अकराला फोन येई, आईच्या फोनवर. पहिलं वाक्य ठरलेलं: “बॉबिन कशी आहे?” मग बॉबिन काय खाते, कुठे झोपते, कोणाच्या मापाच्या वहीवर बसते. काकू त्यातूनच चाळणी लावून लेकीचं काढत. बॉबिनला थंडी वाजते का विचारलं, की तिकडे थंडी पडलेली. बॉबिन एकटी असते का विचारलं, की काकू त्या दिवशी दुपारी जेवत नसत. मास्तर अकराला पाच कमी असताना मशीन थांबवत आणि त्याला तेल घालायला बसत. तेल घालताना आवाज होत नाही. इतकं तेल प्यायलेलं मशीन अख्ख्या गावात दुसरं नसेल.

बॉबिन होती म्हणून फोन होता. हे तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही मूग गिळून होते.

म्हणून खिडकी नुसती बंद करून टाकणं जमत नव्हतं. एकदा केली होती. बॉबिन बाहेर राहिली, एक पूर्ण दिवस आणि एक रात्र, आणि दुसऱ्या दिवशी नेमका रविवार होता. त्या रविवारी काकू फोनवर खोटं बोलल्या. मग त्यांनीच लेकीला बोक्याचं सांगितलं आणि लेकीने हे पाठवलं: मांजराचं दार कसं निवडावं, प्रश्नांची यादी. बॉबिनच्या मानेत, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी चिप आहे. ती लेकीनेच पूर्वी बसवून घेतली होती. हे दार ती चिप वाचतं. ओळखीची असली तर खिटी सुटते. नसली तर नाही.

“जावईबापूंनी कितीही डोकं आपटलं तरी,” लेकीने खाली लिहिलं होतं.

काकूंनी ते मोठ्याने वाचलं. मास्तरांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

प्रश्न ३. मांजर सर्वांत रुंद जिथे असेल तिथे मोजा.

हा प्रश्न मात्र मास्तरांनी काकूंच्या हातून काढून घेतला.

बॉबिनला टेबलावर उभं केलं. ती नेहमी येणाऱ्या गिऱ्हाइकासारखी उभी राहिली, समोर बघत, पोट आत न घेता. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. छाती, पोट, खांदे. मग वहीत नवं पान.

बॉबिन. काळी, पोट पांढरं. छाती पावणेचौदा. पोट साडेपंधरा. खांदे साडेचार. लूज अर्धा इंच.

“यात साइज काय आहेत?”

“स्मॉल आणि लार्ज.”

“मीडियमसुद्धा नाही?” मास्तर म्हणाले. “बरं झालं. नाहीतर ते ठरवायलाही तिकडे कोणीतरी नोकरीला ठेवलं असतं.”

काकूंनी फोन उलटा ठेवला. “लार्ज घेऊ. पुढे जाडी होईल.”

“अंगात लोंबेल. मापाचं घ्यायचं. स्मॉलमध्ये अर्धा इंच लूज बसतं.”

आणि मग काकूंचं लक्ष टेपकडे गेलं. “अहो, जी टेप लोकांच्या गळ्यात घालता ती मांजराच्या पोटाला? उद्या एखाद्याच्या कॉलरमध्ये केस निघाला म्हणजे?”

त्या दिवसापासून बॉबिनला वेगळी टेप मिळाली. मास्तरांची जुनी, कापडी, टोकाला पितळेची पट्टी असलेली. उमेदवारीच्या काळात त्यांच्या उस्तादाने दिलेली. पहिले तीन आकडे बोटांनी खाऊन टाकले होते.

प्रश्न ४. चुंबकाचं दार चालेल का?

चालणार नाही. पण हे आधी कळलं नाही, कारण काकूंचा भाऊ सुतार आहे आणि त्याला सगळं आधीच माहीत असतं.

“चिपबिप कशाला, भाऊजी? हे बघा. साधं. गळ्यातल्या पट्ट्याला चुंबक, दाराला चुंबक. चुंबक जवळ आलं की दार उघडतं. बोक्याच्या गळ्यात काही नाही, म्हणजे बोका बाहेर.”

“डोकं आहे हो मेव्हण्यांना,” मास्तर म्हणाले.

“ताईकडूनच आलंय.”

“मग तिला नाही उरलं, हे खरं.”

पट्टा बांधला. दार बसवायचं दुसऱ्या दिवसावर ठेवलं आणि दोघं चहा पीत बसले. चहा संपायच्या आत बॉबिन पडद्यामागून आली, मान खाली घालून, अगदी हळू. तिच्या गळ्याला टाचण्या लटकत होत्या. टाचण्या, दोन सुया, एक हूक आणि मशीनच्या बॉबिनच्या डबीचं झाकण. शिंप्याच्या घरात फरशीवर काय काय पडलेलं असतं ते त्या दिवशी पहिल्यांदा एका जागी गोळा झालेलं दिसलं.

मग काकूंनी बॉबिनला मांडीवर घेऊन एकेक टाचणी काढली. अकरा निघाल्या. एक कातडीत टोचली होती. बॉबिनने आवाज केला नाही.

“पूर्वी हात लावला तरी ओरबाडायची,” काकू म्हणाल्या.

“शहाणी झाली,” सुतार म्हणाला, आणि चुंबकाचं दार पिशवीत घालून त्याने पाय काढता घेतला.

वही, त्याच पानावर खाली. (आठवड्यानंतर फोनवरची यादी पुन्हा उघडली तेव्हा भरलेलं सगळं पुसलं गेलं होतं, म्हणून पुन्हा माप.)

छाती तेरा. पोट साडेचौदा. जुनी टेप.

“इंचाभराचा फरक कसा?” काकू.

मास्तरांना हे समजावून सांगायला आवडायचं. कापडी टेप वापरून वापरून लांबते. लांबली की तिच्यावरचा एक इंच एका इंचाहून मोठा होतो. म्हणून जुनी टेप माप कमी दाखवते. नवशिक्या इथेच फसतो, माणूस बारीक झाला समजतो आणि कपडा घट्ट शिवून बसतो. “आम्ही नाही फसत,” ते म्हणाले.

“मला उचलताना हलकी वाटली.”

“केस गळतायत. वाटी बघ.”

वाटी रिकामी होती. तळ लखलखीत.

प्रश्न ५. मांजराची तब्येत, वजन, वय?

काकूंनी वगळला. पुढे जायला अडत नव्हतं.

रविवार.

“बॉबिन कशी आहे?”

“बरी आहे गं. टाचण्यांचं सांगितलंच तुला.”

“खाते ना?”

“रोज वाटी साफ.”

“पाणी?”

“पाण्याचं काय विचारतेस. बाबांची इस्त्रीची वाटी तीच पिते. हे म्हणतात, मी कापडावर शिंपडतो किती आणि संपतं किती.”

मग: “तिला कंटाळा येतो का आई? एकटीला?”

मास्तरांनी तेलाच्या डबीचं झाकण लावलं, काढलं, लावलं.

“नाही गं,” काकू म्हणाल्या. “आम्ही आहोत ना तिला.” फोन ठेवल्यावर त्या दुपारी जेवल्या नाहीत.

प्रश्न ६. दार कशात बसवायचं? (लाकूड / काच / भिंत)

लाकूड. दीड इंच जाड, मागचं दार. लेक शाळेतून याच दाराने यायची. पुढे गिऱ्हाइकं असत म्हणून. खालच्या बाजूला तिच्या सायकलचं पेडल घासून एक खाच पडली होती. सुताराने पेन्सिलने चौकोन आखला तेव्हा खाच नेमकी चौकोनात आली.

“जरा वर घे,” मास्तर म्हणाले.

“वर घेतलं तर मांजराला उडी मारावी लागेल, भाऊजी.”

“मग बाजूला.”

“बाजूला बिजागरी आहे. खाच जाईल, त्याला इलाज नाही.”

मास्तर पुढच्या खोलीत गेले. करवतीचा आवाज तिथेही येत होता.

दार यायला तीन आठवडे लागले होते. एकदा नुसती चौकट आली, झडप आलीच नाही, ती परत. भोक पाडून झाल्यावर सुताराने विचारलं, “एकदा मांजराचं माप धरून बघू का? पुन्हा माझ्यावर नको.” बॉबिनला टेबलावर उभं केलं. ती बसली. पुन्हा उभं केलं. पुन्हा बसली.

छाती सव्वाबारा. पोट सव्वातेरा. जुनी टेप.

“ही टेप आता अगदीच गेली,” मास्तर म्हणाले, आणि तिची गुंडाळी करून खिशात घातली. टाकून दिली नाही.

काकू काही बोलणार होत्या. पण तेवढ्यात झडप चौकटीत बसली, सुताराने बॅटऱ्या घातल्या आणि दार एकदा टक् करून वाजलं, आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

दाराला मांजर शिकवायचं.

हे यादीत नव्हतं. सोबतच्या कागदावर होतं, पण अक्षर मुंगीएवढं. शेवटी काकूंनी लेकीला फोन लावला आणि फरशीवर ठेवला, आवाज मोठा करून.

“आई, बाबांना सांग, वरचं बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकेपर्यंत.”

“अहो, बटण दाबून धरा म्हणते.”

“तिला सांग, धरलंय.”

“धरलंय म्हणतात.”

“वरचं की बाजूचं, विचार.”

“वरचं,” मास्तर फोनकडे न बघता म्हणाले. “सांग तिला, मला वर आणि बाजू कळते.”

“वरचं म्हणतात गं.”

“ऐकलं मी,” लेक म्हणाली. “आता बॉबिनला ढकला. डोकं आत गेलं पाहिजे.”

सुतार दारापलीकडे बोळात उकिडवा बसला होता, हातात सुक्या मासळीचा तुकडा. “ये गं माझे राणी,” तो म्हणत होता. “ये. मामाकडे ये.” बॉबिनने तुकड्याकडे बघितलं. मास्तरांनी तिला मागून हलकेच पुढे केलं. तळहाताखाली तिची पाठ लागली, मणका मणका वेगळा, टाके मोजता यावेत तसा. त्यांनी हात काढून घेतला. झडपेत तिचं डोकं गेलं. दिवा हिरवा झाला. टक्.

“वाजलं?” फोनमधून.

“वाजलं,” मास्तर म्हणाले. मधे कोणी नव्हतं. मग काकूंनी फोन घाईने उचलला आणि चुलीकडे गेल्या.

तुकडा शेवटी सुताराने स्वतःच बोळात टाकला. तो तांबड्या बोक्याने उचलला.

पहिला दिवस.

वाटी भरलेली. नव्या दाराचा धसका घेतला असेल. बोका दोनदा आला, झडपेला डोकं लावलं, दिवा तांबडा झाला, बोका निघून गेला. काकू टाळी वाजवणार होत्या, नाही वाजवली.

दुसरा दिवस.

वाटी भरलेली. काकूंनी जुनं फेकून नवं घातलं. बॉबिनने वास घेतला, ओठ चाटले, मान फिरवली आणि इस्त्रीजवळ जाऊन पाणी प्यायली. बराच वेळ प्यायली.

तिसरा दिवस.

वाटी.

काकूंनी ती उचलली नाही. तिथेच तिच्यापुढे बसून राहिल्या. इतके दिवस वाटी कोण रिकामी करत होतं, हे आता कोणी सांगायची गरज नव्हती. खिडकी बंद होती, दार एकीलाच ओळखत होतं, आणि ती खात नव्हती.

पुढच्या खोलीत मास्तरांनी टेबल मोकळं केलं. गळ्यातली टेप काढली, खिशातली जुनी काढली. दोन्हींची टोकं जुळवून कात्रीच्या वजनाखाली दाबली. दोन्ही शेजारी शेजारी ताणल्या, सोळा इंचांपर्यंत, अंगठ्याने दाबून.

एका सुताचा फरक. इंचाचा आठवा भाग. तोही डोळे बारीक केल्यावर.

मास्तर वाकून तसेच उभे राहिले. बाहेर एक गिऱ्हाईक आलं, “मास्तर, पँट झाली का?” म्हणालं, थोडं थांबलं आणि गेलं.

वही. नवी टेप.

छाती साडेअकरा. पोट बारा.

डॉक्टरीणबाईंनी बॉबिनला टेबलावर ठेवलं. इथेही टेबल होतं, वर दिवा होता, भिंतीला मापं होती. मास्तरांना हात कुठे ठेवावेत कळेना. रक्त घेतलं, बाहेर बसवलं, आत बोलावलं. मूत्रपिंडं गेली होती. आत्ता नव्हे, काही महिन्यांपासून जात होती. पाणी जास्त पिते का, हे विचारलं. तोंडाला जखमा आहेत, खायला गेलं की दुखतं, म्हणून खात नाही.

“किती दिवस?” काकूंनी विचारलं.

“आहेत ते हालाचे आहेत. माझं ऐकाल तर आज झोपवू. शांतपणे.” मग त्यांनी एक काळं यंत्र बॉबिनच्या मानेवर धरलं. ते वाजलं. त्यांनी पडद्यावर बघितलं. “चिपवर मालक म्हणून वेगळं नाव आहे. ह्या कोण?”

“आमची मुलगी.”

“मग त्यांची परवानगी लागेल. आता फोनवर सांगितलं तरी चालेल, पण त्यांनी स्वतः.”

काकूंनी फोन पर्समधून काढला, नंबर लावला आणि मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी फोन घेतला आणि बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले.

“हॅलो, आई? आज बुधवारी कसा? बॉबिन कशी आहे?”

“मी आहे.”

मागे शेकडो मशीनं चालू होती. मग एक दार लागल्यासारखा आवाज, आणि मशीनं बंद.

“आईला काय झालं?”

“आईला काही नाही.”

त्यांनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिलेलं होतं ते वाचलं. स्वतःच्या शब्दांत सांगायला गेले असते तर पुरं झालं नसतं.

“कधीपासून?” लेक म्हणाली.

वही काखेत होती. ती कुठेही जाताना असते. त्यांनी पान काढलं आणि तारखेसकट वाचलं. पावणेचौदा. तेरा. सव्वाबारा. साडेअकरा.

“हे तुम्ही लिहून ठेवलंय.”

“हो.”

“स्वतःच्या हाताने.”

“हो. वाटलं, टेप लांबली.”

“दोन इंच, बाबा?” ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “तुम्हीच शिकवलंत. शंका आली की दुसरी टेप शेजारी धरायची. मला पहिल्याच दिवशी शिकवलंत.”

पायरीवरून एक बाई पिंजऱ्यात ससा घेऊन वर गेली. मास्तर बाजूला झाले.

“आज झोपवू म्हणतात,” ते म्हणाले. “तुझी परवानगी लागते.”

“आत्ता निघाले तर उद्या सकाळी अकरापर्यंत पोचेन,” ती म्हणाली. “तोपर्यंत थांबतील का, विचारा. दुखू नये म्हणून काही देतील. मला एकदा बघू द्या तिला.” आणि मग आवाज बदलून, एखाद्या परक्या दुकानात विचारावं तसं: “मी येऊ का?”

एकोणीस महिने. एवढा छोटा शब्द. मास्तरांनी वही मिटली.

“ये,” ते म्हणाले. मग पुन्हा, कारण पहिल्यांदा आवाज बाहेर आला की नाही त्यांना कळलं नाही. “ये.”

दाराच्या कळेला चार खुणा. आत-बाहेर मोकळं. फक्त आत. फक्त बाहेर. बंद.

डॉक्टरीणबाईंनी दुखू नये म्हणून सुई देऊन बॉबिनला सकाळपर्यंत घरी पाठवलं होतं. आजारी मांजर घराबाहेर जाऊन कुठेतरी दडून बसतं, तिला सोडू नका, असं त्यांनी बजावलं होतं. लेकीनेही. मास्तरांनी कळ ‘फक्त आत’वर फिरवली.

संध्याकाळी बॉबिन चिंध्यांच्या टोपलीतून उठली. तिरकी तिरकी चालत मागच्या दाराशी गेली. झडपेला डोकं लावलं. दिवा हिरवा झाला, म्हणजे दाराने तिला ओळखलं. आणि मग लगेच तांबडा. खिटी हलली नाही. तिने डोकं मागे घेतलं, पुन्हा लावलं. हिरवा. तांबडा. ती बसली. नाक झडपेला टेकवून, बाहेरच्या वाऱ्याची जी काही रेघ आत येत होती ती हुंगत.

“सोडू या का?” काकू म्हणाल्या. “तिला जायचंय.”

“ती येतेय,” मास्तर म्हणाले. “सकाळी.”

“ती तिला बघायला येतेय, अहो. हिला कोणाला बघायचंय?”

मास्तरांचा हात कळेपाशी गेला. तिथे थांबला. मग ते खाली फरशीवर बॉबिनशेजारी बसले, पाठ दाराला लावून, आणि कळ तशीच राहिली. लेकीला शब्द दिला होता. आणि बॉबिन नसती तर लेक कशाला आली असती, हेही होतं. ते त्यांनी काकूंना सांगितलं नाही. काकूंना सांगायची गरज नव्हती.

सकाळी नऊ-सव्वानऊच्या सुमारास, दुकान उघडायच्या वेळेला, बॉबिन गेली. झडपेपाशीच. मास्तरांनी तिला उचलून टेबलावर ठेवलं आणि कोटाच्या उरलेल्या अस्तराचा तुकडा अंगावर घातला. माप घ्यावं लागलं नाही. डोळ्यांना कळलं किती लागेल.

लेक पुढून आली नाही. मागच्या दाराशी पावलं थांबली, कडी वाजली नाही. मग झडप हलली. दोन बोटांनी कोणीतरी ती आत ढकलून बघत होतं. दिवा तांबडा झाला.

मास्तरांनी दार उघडलं.

ती उभी होती, हातात पिशवी, प्रवासाने चुरगळलेला शर्ट. तयार, कंपनीचा. मीडियम. खांद्याची शिवण खांद्यावर नव्हती, दंडावर उतरली होती. गळ्याची हाडं वर आली होती. कंबरपट्टा दोन भोकं मागे ओढून घेतलेला, आणि तिसरं भोक घरी पाडलेलं. मास्तरांची नजर एका क्षणात सगळीकडून फिरून आली, चाळीस वर्षांची सवय होती. या वेळी त्यांनी टेप शोधली नाही.

“कुठे आहे?” ती म्हणाली.

काकू तोंडाला पदर लावून बाजूला झाल्या. लेकीला त्यावरूनच कळलं. ती आत गेली, टेबलाशी थांबली. अस्तर खाली ओढलं आणि हात ठेवला, आधी डोक्यावर, मग बरगड्यांवर, बोटं पसरून. तीही मोजत होती.

“अंगावर काही राहिलं नाही तुझ्या,” मास्तर दारातूनच म्हणाले. “कधीपासून?”

तिने मान वर केली नाही.

“टेप लांबली असेल, बाबा,” ती म्हणाली.

मागे बोळात तांबडा बोका आला होता. दार सताड उघडं होतं, तरी तो उंबऱ्याबाहेर बसून आत बघत होता. काकूंनी तीन दिवसांची भरलेली वाटी उचलली, त्याच्यापुढे ठेवली, आणि परत आत येऊन चुलीवर लेकीसाठी पाणी ठेवलं.